समासातली कुजबुज

“पाऊल पाण्यात ठेवलं, स्वल्प, आणि पाणी थबकलं, पूर्ण, नवा.”

आत्याचा हा आवाज ऐकून इतकी वर्षं लोटली, की तो खरा ऐकला होता की झोपेत, असा कधीकधी ताईला प्रश्न पडे. छापखान्याची मागची खोली, शाईचा आणि ओल्या कागदाचा वास, आणि मूळ प्रत हातात धरून मोठ्यानं वाचणारी आत्या. समोर लाल पेन्सिल घेऊन बसलेली तिची भाची, म्हणजे ताई, छापून आलेल्या पानावरून तिच्या आवाजामागे बोट फिरवत जाई. स्वल्प म्हणजे स्वल्पविराम, पूर्ण म्हणजे पूर्णविराम, नवा म्हणजे नवा परिच्छेद. मध्येच पान उलटताना आत्या गुणगुणायची:

ओळीमागून ओळ गं, मुंग्यांची ही रांग गं,
एक चुकली वाट गं, थांबव आणि सांग गं.

ताई थांबवायची आणि सांगायची. भल्याभल्या लेखकांना सांगायची. “चूक,” एवढंच म्हणायची आणि पेन्सिल चालवायची. लेखक फुरंगटून बसत, मग दोन दिवसांनी पेढ्यासारखं गोड तोंड करून येत.

मग आत्या गेली. छापखान्यातल्या खिळ्यांची, त्या शिशाच्या अक्षरांची खटखट गेली. आणि त्यांच्यामागून, घाई न करता, ताईचे डोळे गेले. आधी पानाच्या कडा विरघळल्या, मग ओळींची टोकं, मग मधला मजकूर; परगावी निघालेल्या माणसानं घराची एकेक खिडकी लावून घ्यावी तसं सगळं मिटत गेलं. शेवटी आत उरला तो नुसता आवाज.

डोळे गेल्यावर ताईला एक खोड मात्र नव्यानं लागली. तिला ‘नाही’ म्हणता येईना. एकदा ती कोपऱ्यावर पावाच्या दुकानापाशी नुसती ऊन खात उभी होती. एका सद्गृहस्थानं तिचा दंड धरला आणि मोठ्या मायेनं तिला रस्ता पार करून दिला. तिला पलीकडे जायचंच नव्हतं! तरी “फार उपकार झाले हो,” म्हणाली, आणि पलीकडे उभी राहून परत आणून सोडणाऱ्या दुसऱ्या सद्गृहस्थाची वाट बघत बसली. घरी तिनं हे सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. तीही हसली. पण हसून झाल्यावर उगाच पदर सारखा करत राहिली.

काम मात्र तिनं सोडलं नाही. आता पुस्तकं कागदावर येत नसत, फाइलींतून येत. पडदा वाचून दाखवणारा एक आवाज तिच्या संगणकात होता. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं मैना. मैना वाचायची, ताई ऐकायची. अडचण एकच होती. संपादक आपल्या दुरुस्त्या पानाच्या समासात लिहीत, छोट्या छोट्या चिठ्ठ्या चिकटवल्यासारख्या, आणि त्या समासापाशी मैना मुकी होई. ताईला वाटे, नदीच्या काठावर माणसं बसलीत, काहीतरी कुजबुजतायत, आणि आपण होडीतून तशाच पुढे चाललोय.

“मैनेचं काही चुकत नाही,” धाकटा म्हणाला होता. धाकटा म्हणजे तिचा भाऊ; केस पिकायला लागले तरी धाकटाच. दिवसभर उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि उरल्या वेळात हा उद्योग. “आपला लिहायचा प्रोग्रामच तिला सांगत नाही की समासात काही आहे म्हणून. न सांगितलेलं ती बिचारी वाचणार कुठून?”

“आपला?” ताई हसली. “तू कधी विकत घेतलास?”

“तो विकतच नाही कुणी. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून केलाय. ज्याला जे खुपतं, त्यानं ते नीट करायचं. म्हणून आपला.”

“जगाची हापिसं चालवतात हे,” आतून त्याची बायको म्हणाली, “आणि मोरीतला नळ गळतोय तो गळतोच आहे. वन्सं, तुम्ही तरी बोला ह्यांना!”

वन्संनी बोलायचं कसलं? वन्संसाठीच तर चाललं होतं. संध्याकाळ झाली की हातावरचं लिफ्टचं ग्रीस धुऊन धाकटा तिच्या टेबलाशी येऊन बसे. त्याच्या कळफलकाची टकटक, त्याचा सुस्कारा, मध्येच “हात्तिच्या!” असं म्हणणं. चहा निवून जाई. उन्हाळा संपला, पावसाळा सरला, पानगळ लागली, खिडकीतून वाळक्या पानांचा वास आला, आणि एका संध्याकाळी धाकटा म्हणाला, “ताई, ऐक आता.”

मैना बोलली. समासातली माणसं बोलली. काठावरची सगळी कुजबुज होडीत आली होती. तिनं चाचपडत भावाचा चेहरा शोधला आणि दोन्ही हातांनी कुरवाळला. “छान रे,” ती म्हणाली. “फार छान.”

तो शब्द खरा होता. पण तेवढ्या संध्याकाळपुरताच.

दुसऱ्या दिवशी ती कवितांचं एक पुस्तक तपासायला बसली. ओळ होती साधी: सावळ्या डोहात चंद्र उतरला. मैना म्हणाली:

“वगळलेला मजकूर सुरू. काळ्या. वगळलेला मजकूर समाप्त. घातलेला मजकूर सुरू. सावळ्या. घातलेला मजकूर समाप्त. डोहात. टिप्पणी सुरू. लिहिणारे, संपादक. मंगळवार, दुपार. हा शब्द पुन्हा पाहावा. टिप्पणी समाप्त. चंद्र.”

चंद्र येईपर्यंत डोह आटून गेला होता.

ताईनं पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. धाकट्यानं काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. माणूसच तसा. लिफ्टचा एक खिळासुद्धा न तपासता तो खाली उतरायचा नाही. शिवाय तो काम पारखायचा तेव्हा पडदा त्याच्यासमोर उजळलेला असायचा. वाक्य डोळ्यांनी आधीच पिऊन झालेलं. कानांवर येई ते नुसतं तोंडी लावणं. वाक्य तुटतंय हे त्याला कळणार कसं? आत्यासुद्धा सगळंच वाचायची, स्वल्प की पूर्ण काही गाळायची नाही. पण ती भाचीच्या तोंडाकडे बघत वाचायची, आणि भाचीच्या भुवया जरा आक्रसल्या की थांबायची. मैनेला कुणाच्या भुवया दिसणार?

“कसं चाललंय?” संध्याकाळी धाकट्यानं विचारलं.

“मस्त,” ताई म्हणाली.

एकदा मस्त म्हटलं, की दुसऱ्या दिवशी ‘नाही’ कसं म्हणायचं? ती रोज मस्त म्हणत गेली. दुपारी थकून टेबलावरच डोकं टेकायची, आणि तिला स्वप्न पडायचं. नदीच्या दोन्ही काठांवर अक्षरं उभी आहेत, अंगरखे घालून, पागोटी घालून. प्रत्येक जण आपलं नाव ओरडून सांगतोय. क म्हणतो मी क, वेलांटी म्हणते मी वेलांटी. मधून नदी वाहते आहे, पण तिचा आवाज काही केल्या येत नाही. आणि ती होडीत उभी राहून हात जोडते आहे, सगळ्यांना म्हणते आहे, फार उपकार झाले हो, फार उपकार झाले.

पुस्तक तपासून गेलं, आणि आठवड्याभरात संपादकांचा फोन आला. भला माणूस, ओरडला असता तर बरं झालं असतं.

“ताई, त्या डोहाच्या कवितेत काढलेलं कडवं तसंच राहिलं, आणि ठेवायचं होतं ते गेलं.”

ताईच्या हातात रिसीव्हर गार पडला.

“होतं असं,” संपादक म्हणाले. “डोळ्यांचं काम कानांवर किती दिवस ढकलायचं? एक कादंबरी आलीये, ती तपासून द्या. मग बघू.”

‘मग बघू’चा अर्थ कुणाला फोडून सांगावा लागत नाही. ताईनं फोन ठेवला. ही कादंबरी हातची गेली, की उरलेला जन्म पावाच्या दुकानापाशी ऊन खायचं. लोकांनी इकडून तिकडे न्यायचं, तिकडून इकडे आणायचं.

धाकट्याला तिनं फोनचं सांगितलं, पण एवढंच म्हणाली, “माझंच लक्ष नव्हतं रे.”

“तू दमतेस,” तो म्हणाला. “पण आता एक बातमी ऐक, सगळा शीण जाईल. आपलं काम पुढच्या आवृत्तीत जातंय! सगळ्या जगात. फक्त कासव अडून बसलंय.”

कासव म्हणजे त्या हौशी लोकांतला सगळ्यात जुना माणूस, कुठल्याशा दूरच्या गावातला. दुसऱ्यानं लिहिलेली ओळन् ओळ तो इतकी सावकाश तपासायचा, की लोक वैतागून त्याला त्या नावानं हाक मारत. त्यानंही ते नाव आनंदानं पाठीवर घेतलं होतं. त्याचा एक हट्ट होता. कानांसाठी केलेलं काम, कानांनी वापरणारं माणूस स्वतः येऊन ‘हो’ म्हणाल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नसे.

“रविवारी सकाळी बोलायचंय त्याच्याशी,” धाकटा म्हणाला. “तू एक पान तपासून दाखव आणि म्हण, मस्त चाललंय. झालं!”

रविवार उजाडला. टेबलावर ऊन आलेलं ताईला मनगटांवर कळत होतं. भावजयीनं कपबश्या आणून ठेवल्या आणि आज कसलाही टोमणा न मारता नवऱ्याच्या मागे उभी राहिली. तिच्या बांगड्या त्याच्या खुर्चीच्या पाठीला लागून किणकिणल्या. धाकट्यानं दाढी केली होती, साबणाचा वास येत होता.

“नमस्कार, बाई,” संगणकातून कासव म्हणालं. आवाज म्हाताऱ्याचा, उबदार. दोन शब्दांत एक घोट पाणी प्यावं एवढं अंतर. “तुमचे बंधू फार कौतुक सांगतात तुमचं. वाचा निवांत. आम्हाला कसली घाई?”

कादंबरीचं पहिलं पान. मैना सुरू झाली. वगळलेला मजकूर सुरू, वगळलेला मजकूर समाप्त. काठावरची माणसं उठली आणि ओरडू लागली. ताई ऐकत होती. ह्या पानात एक बाई होती, एवढं तिला कळलं. ती दारात उभी होती. कुणाची तरी वाट बघत होती. कुणाची, ते येण्याआधी सात-आठ जण मध्ये उभे राहिले आणि बाई दिसेनाशी झाली. ताईनं मागे जाऊन पुन्हा ऐकलं. बाई पुन्हा हरवली.

तिनं मैनेला गप्प केलं.

लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. कासवानं काही विचारलं नाही. त्याला थांबायची सवय होती.

“सांग ना, ताई,” धाकटा हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात सबंध उन्हाळा होता, निवलेले सगळे चहा होते. “मस्त चाललंय म्हणून सांग.”

ताईनं तोंड उघडलं आणि तिच्या ओठांवर तेच आलं, फार उपकार झाले. तिनं ते गिळलं. तिचा हात टेबलावरून सरकत गेला, भावाचा हात सापडला तिथे थांबला. बोटांच्या पेरांत ग्रीस अजून होतंच, कितीही धुतलं तरी न जाणारं. तो हात तिनं घट्ट धरला, म्हणजे तो उठून जाणार नाही.

“नाही चालत रे, बाळा,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी चाललं, तेवढंच. त्यानंतर रोज तुला खोटं सांगितलं. ते कडवं माझं लक्ष नव्हतं म्हणून नाही गेलं. वाक्यच माझ्यापर्यंत आलं नाही. मला आधी अख्खं वाक्य हवं, सलग, मध्ये कुणी न बोलता. चिठ्ठी कुठे आहे एवढं हलकेच कळू दे. ती उघडायची की नाही, ते माझं मी ठरवीन. तू पडदा बंद कर, माझ्या शेजारी डोळे मिटून बस आणि हेच पान ऐक. आणि कासवकाका, माझं ‘नाही’ लिहून घ्या. हे नीट होईपर्यंत जाऊ देऊ नका.”