आठ महिने जुनी यादी

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. आता असली कामं आपोआप होतात, कोणाला घाम फुटत नाही. आमच्या वेळी फुटायचा, पण माणसं कामाला जीव लावायची. मला ते दिवस अजून हवेसे वाटतात, त्यातला तो मंगळवारसुद्धा.

आमचं ऑफिस पूल बांधणाऱ्या इंजिनिअरांचं. मागच्या गारठलेल्या खोलीत चार युनिक्स सर्व्हर घुं घुं करत असायचे, आणि आत जाणाऱ्यासाठी खुंटीला एक सामाईक स्वेटर, कोपरांवर विरलेला. कोणीही कुठल्याही सर्व्हरवर बसलं तरी तेच नाव नि तोच पासवर्ड चालावा, म्हणून माणसांची यादी चारही ठिकाणी सारखी ठेवावी लागे. ती सांभाळायचे माझे मामा. त्यांनीच मला काम शिकवलं, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची मला मिळाली.

खुर्ची मिळाली, पण मामा तुटले. चूक माझीच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी यादीतून त्यांचं नाव काढायचं, असा हुकूम होता. मी मेली अतिशहाणी, दुपारीच काढून मोकळी झाले. मामा तेव्हा कॉम्प्युटरवर सगळ्यांना निरोपाचं पत्र लिहीत होते. ते अर्धं ठेवून जेवायला गेले, परत आले तर सर्व्हर ओळखच देईना. पिशवी उचलून घरी गेले. पुढे आठ महिने माझ्याशी बोलायचं ते मामीमार्फत: "तिला म्हणावं, चहा निवतोय." मी समोरच बसलेली असे.

मग तो मंगळवार उजाडला. मामा असतानाच बिघडलेला, आठ महिने पडून राहिलेला तीन नंबरचा सर्व्हर दुरुस्त होऊन आला. यादी द्यायची बाकीच्यांवरून त्याच्यावर; मी घाईत दिली त्याच्यावरून बाकीच्यांवर. उलटी गंगा! वर शिस्तीत लॉगआउट करून स्वतःही बाहेर पडले. पाच मिनिटांत दारात रांग. नव्यांना सर्व्हर ओळखेना, जुन्यांना तेव्हाचा पासवर्ड आठवेना.

"तेव्हा माझं कोणावर प्रेम होतं तेच आठवत नाही हो," ड्राफ्ट्समन डोकं खाजवत म्हणाला.

हे निस्तरायला रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मालकाचा, पासवर्ड लागतो. 'रूटची ओळ यादीबरोबर कधी पाठवू नकोस,' असं मामांनी शंभरदा बजावलं होतं. मी पाठवली होती. म्हणजे आता रूटचा पासवर्डही मामांच्याच वेळचा, फक्त त्यांना ठाऊक असलेला. सर्व्हर बंद करून आत शिरता आलं असतं, पण एका पुलाचं गणित नऊ दिवस चालू होतं. ते बुडालं असतं, आणि माझी नोकरीही.

फोन मामीने उचलला. मागून मामांचा आवाज आला, "तिला म्हणावं, पासवर्ड फोनवर सांगत नसतात."

मला रडूच कोसळलं. तासाभराने मामा दारात उभे, इस्त्रीचा शर्ट घालून. आले, बसले, रूटचा पासवर्ड टाकला आणि मला जागा करून दिली.

कालच्या यादीची नक्कल टेपवर होती. ती परत घातली की सगळं जागच्या जागी येणार होतं, आणि मामांचं नाव पुन्हा जाणार होतं. माझा हातच चालेना.

"मामा, चुकलं माझं," मी म्हणाले. "आजचं नाही. तेव्हाचं."

ते स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "आत्ता यादीत माझं नाव आहे ना?"

"आहे."

"मग सरक जरा."

मामांनी स्वतःच्या नावाने लॉगिन केलं आणि दोन बोटांनी टकटक करत निरोपाचं पत्र पहिल्यापासून लिहिलं. वीस मिनिटं लागली. रांगेतलं कोणीतरी कुरकुरलं, त्याला ड्राफ्ट्समनने गप्प बसवलं. पत्र गेलं. मामा माझ्याकडे वळले.

"हं, आता काढ. मामा बसलाय म्हणून हात आखडू नकोस."

मी पुढे झाले.

"थांब गं, आधी मला बाहेर पडू दे."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लॉगआउट केलं.