कागदावर अकरा, गाडीत चार

मी बोलतोय तो बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद. तळहाताएवढा, कडेने पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला सुटत चाललेला. माझ्यावर नळ्यांचा नकाशा छापलेला आहे. इंजिन ज्यांतून हवा ओढतं त्या रबरी नळ्या कुठून निघतात आणि कुठे जातात, ते मी सांगतो. एरवी मी अंधारात पालथा असतो. कुणी बॉनेट उघडलं की उभा राहतो आणि समोरच्या माणसाचं तोंड बघतो. ते तोंड हसरं क्वचितच असतं. गाडी सुरळीत असताना बॉनेट उघडतो कोण?

स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यात माझा दोष नाही. कागदावर जे आहे ते गाडीत आहे का, एवढं एकच मला कळतं. कारखान्यात एका बाईने अंगठ्याने माझ्या चारही कडा दाबल्या आणि माझ्याकडे बघत नळ्या मोजल्या. अकरा भरल्या. तेव्हापासून मी मोजतोच आहे.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावणाऱ्या या माणसाने गाडीचं तोंड कधी उघडलं नाही. ते काम त्यांच्या मिस्त्रीचं. मिस्त्री चष्मा कपाळावर ढकलून माझ्यावर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "हा कागद आहे म्हणून माझी अब्रू आहे." असे दिवस मला पुन्हा दिसले नाहीत. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि आम्ही टेलरमास्तरांकडे आलो.

मास्तरांचं दुकान पुढे, घर मागे. ते कापड कापायचे, शिवायचे. त्यांची बायको जाड कागदाचे नमुने काढायची: बाही, गळा, कॉलर, कुठे कापायचं त्याची सलग रेघ, कुठे दुमडायचं त्याची तुटक रेघ. मास्तरांचं सगळं काम या नमुन्यांवर चालायचं, पण नाव मात्र त्यांच्या कात्रीचं. मूल नाही, दोघंच. बोलणं कमी, मशीनचा आवाज जास्त.

मास्तरांना एक खोड होती. लोंबता धागा दिसला की हात कात्रीकडे गेलाच. गिऱ्हाईक बोलत असलं तरी ते त्याच्या बाहीकडे बघत, आणि वाक्य संपायच्या आत कचकन् धागा खाली. एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

"काय हे जंजाळ! भरतकामाची उलटी बाजू बघितल्यासारखं वाटतंय."

मला तेव्हाच शंका आली. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातात कात्री होती.

तीन सुट्ट्यांत सात नळ्या गेल्या. नळी काढायची, उघड्या तोंडात बारीक बोल्ट घालायचा आणि वरून बटणाच्या दोऱ्याने आवळून दुहेरी गाठ मारायची, अशी त्यांची रीत. बायको दारात उभी राहून बघायची.

"अहो, ते कशाचं आहे ते तरी माहीत आहे का?"

"धूर कमी करायच्या भानगडी आहेत सगळ्या. जुन्या गाडीला कशाला हव्यात? हे बघ, सुरू केली. चालते की नाही?"

चालत होती. तेच तर वाईट झालं. थोडी थरथरायची, थोडं जास्त पेट्रोल प्यायची, पण चालायची, आणि जे चालतं त्याला कुणी हात लावत नाही.

शेवटी गेला कोळशाचा डबा. तो काळा डबा दिसायला अगदी टाकाऊ, पण टाकीतली पेट्रोलची वाफ त्यात मुरायची, आणि टाकीतलं पेट्रोल कमी होई तसतशी त्याच वाटेने टाकीला हवा मिळायची. माझ्यावर ती वाट तुटक रेघेने दाखवली आहे. मास्तरांनी डबा काढला, टाकीकडून येणाऱ्या नळीच्या तोंडात बोल्ट घातला आणि दोरा आवळला. सगळे काढलेले भाग कापडी पिशवीत भरून डिकीत टाकले, कारण शिंपी चिंधीसुद्धा फेकत नाही. मग माझा सुटलेला कोपरा नखाने उचकटला.

"हा घाणेरडा कागद तेवढा राहिला."

"राहू द्या. त्याने तुमचं काय खाल्लंय?" बायको म्हणाली. मी वाचलो.

पेट्रोल लवकर संपू लागलं तेव्हा मास्तरांना वाटलं, रस्त्यावरून कुणीतरी चोरतंय. स्वतःच्या कात्रीवर कोण संशय घेतो? त्यांनी टाकीला नवं, किल्लीचं, घट्ट झाकण बसवलं. किल्ली त्यांच्या खिशात.

आता मुख्य गोष्ट. बायकोची थोरली बहीण, ताई, दीड तासाच्या वाटेवर राहायची. आईवडील गेल्यावर ताईचं घर हेच बायकोचं माहेर. ताईने लांबच्या शहरात मुलाकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. मास्तर बॉनेट उघडून इंजिन पुसत होते तेव्हा बायको बाहेर येऊन म्हणाली, "ताई म्हणतेय, चार महिने तूही चल माझ्याबरोबर. घर लागेपर्यंत."

"हं," मास्तर म्हणाले. त्यांच्या हातातलं फडकं थांबलं ते थांबलंच. तिने ते पाहिलं नाही. मी पाहिलं.

पुढच्या सुट्टीला दोघं ताईकडे निघाले. पाऊण तासाने ट्रकांच्या वजनकाट्याजवळ गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. डब्याची वाट बांधलेली, नवं झाकण घट्ट; टाकीला हवा नाही, तर पेट्रोल पुढे सरकणार कसं? अर्ध्या तासाने कुठल्या तरी फटीतून चिमूटभर हवा आत शिरली आणि ती सुरू झाली. मास्तर म्हणाले, "परत फिरू. पुढे बंद पडली तर पंचाईत." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, जवळजवळ त्याच जागी.

"बाजारात जाते, तुमच्या मित्राकडे जाते," बायको म्हणाली, "माझ्या माहेरच्या वाटेवरच हिला धाप कशी लागते?"

"गाडीला काय कळतंय माहेर आणि सासर?"

"गाडीला नसेल कळत."

मीही तिच्याच बाजूचा होतो. मला वाटलं, या माणसाने मुद्दामच नळ्या काढल्या. हा माझा संशय खोटा होता, ते मी कबूल करतो. पण त्याच दिवशी बायकोला घरी सोडून मास्तर एकटेच पेट्रोल भरायला गेले. त्यांनी झाकणाला किल्ली लावली आणि टाकीने एवढा मोठा श्वास घेतला की पुढे मलाही ऐकू आला.

पंपावरचा माणूस म्हणाला, "मास्तर, टाकीला हवा मिळत नाही. लांब जाताना मध्ये थांबून झाकण उघडत जा. नाहीतर अडकाल वाटेत."

मास्तरांनी झाकण लावून किल्ली खिशात टाकली. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "पंपावर कुणाला दाखवलीत?" ते म्हणाले, "कुणालाच काही कळत नाही."

त्या क्षणापासून मला झोप नाही. खरं काय ते तिघांना माहीत होतं: मास्तर, पंपावरचा माणूस आणि मी. यांतला एकही तिच्याशी बोलणार नव्हता.

ताई निघायला चार दिवस उरले तेव्हा दोघं तिसऱ्यांदा निघाले. वजनकाटा आला, आचके आले, गाडी थांबली. मी मनात म्हटलं, आता खिशातली किल्ली काढा, मागे जा, झाकण उघडा. दोन मिनिटांचं काम! मास्तरांनी पुढे येऊन बॉनेट उघडलं आणि जन्मात इंजिन पाहिलं नसल्यासारखे बघत उभे राहिले.

बायको खाली उतरली. रडून डोळे लाल झाले होते. ती इंजिनाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"हा नमुनाच आहे की," ती म्हणाली.

तिने माझ्यावर बोट ठेवलं. मिस्त्रीनंतर पहिल्यांदाच कुणी तरी मला वाचत होतं. आनंदाने माझा सुटलेला कोपराही थरथरला. ती पुटपुटत मोजू लागली. "कागदावर अकरा. गाडीत चार." मग तुटक रेघेवर आली. "ही टाकीकडून येते. या डब्यात जाते. डबा कुठाय?" तिने हात खाली घातला, नळी चाचपली, तोंडाशी आवळलेला दोरा तिच्या बोटांना लागला. ती दुहेरी गाठ तिने तीस वर्षं रोज पाहिली होती. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"हिचं तोंड तुम्ही शिवलंत?"

"हो. मला काय माहीत, ते..."

तिने केसांतली पिन काढून गाठ सोडवली, बोल्ट उपटला. फुस्स करून हवा आत गेली. ती गाडीत बसली, किल्ली फिरवली, इंजिनाने थोडं कुरकुरून सूर धरला. चालवता तिलाही यायचं, वेळ आली नव्हती इतकंच.

ती पुन्हा पुढे आली तेव्हा तिचा चेहराच बदलला होता. "मी उगाच तुमच्यावर संशय घेतला," ती म्हणाली. "काय काय येऊन गेलं मनात. चुकलं माझं."

इथे गप्प बसले असते तर मास्तर सुटले असते. तिने आपणहून त्यांना सोडलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्यावर त्यांचं गुपित छापलेलं नाही, पण चोराच्या मनात चांदणं.

"तुझं नाही चुकलं," ते म्हणाले. "पंपावरच्याने मला सांगितलं होतं. झाकण उघडलं की चालते. मागच्या आठवड्यापासून माहीत होतं मला."

"आणि आज?"

"आजही माहीत होतं."

"का केलंत?"

"ताईबरोबर गेलीस की परत येणार नाहीस, असं वाटलं. त्या घरात मी एकटा काय करू?" मला, खरं सांगतो, त्यांची दया आली.

वजनकाट्यावर एक ट्रक चढला, उतरला.

"मी जाणारच नव्हते ताईबरोबर," ती शेवटी म्हणाली. "एकदा भेटून येणार होते. आता मात्र परत यायचा विचार करावा लागेल." आणि तिने हात पुढे केला. मास्तरांनी झाकणाची किल्ली त्या हातावर ठेवली. पुढची वाट तिने चालवली.

मास्तर त्याच संध्याकाळी बसने परत गेले. दुसऱ्या दिवशी तिने डिकीतली पिशवी काढली, ताईच्या गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावलं आणि माझ्याकडे बघत एकेक नळी बसवून घेतली. कोळशाचा डबाही जागेवर आला. अकरा भरल्या. इतक्या वर्षांनी मला मोजायला काही उरलं नाही.

ताई ठरल्या दिवशी मुलाकडे गेली. जाताना घराची किल्ली हिच्याकडे देऊन गेली. त्याला वीस दिवस झाले. संध्याकाळी फोन वाजतो, ही खिडकीत उभी राहून "बघू" म्हणते आणि ठेवून देते. गाडी उत्तम चालते, टाकी भरलेली आहे, घर दीड तासावर आहे. आणि आम्ही इथेच उभे आहोत.

मास्तर, माझं एवढं ऐका. मी जन्मभर लोकांनी बॉनेट उघडावं म्हणून वाट बघितली, पण तुम्ही याल तेव्हा माझ्याकडे येऊ नका. गाडीला आता काहीही झालेलं नाही. बाजूने जा, आणि दार वाजवा.