भाषणातला नवरा

जितेंद्रने लांब पळीने पिंपातलं सरबत ढवळलं, थोडं तळहातावर घेऊन चाखलं आणि अजून एक चमचा मीठ टाकलं. आगाशीच्या तळ्याच्या वळणावर गुलाबी ओढण्या दिसायला लागल्या होत्या.

"काका, पेले कमी पडतील काय?" दीपेशने टेम्पोच्या मागून विचारलं.

"नाही पडणार. तू पाण्याचे जार तेवढे उतरव."

सकाळचे साडेआठ वाजले होते, पण ऑक्टोबरचं ऊन आत्ताच मानेवर बसत होतं. बोळिंजच्या मैदानातून निघालेली पदयात्रा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर संपणार होती. स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या वीस-बावीस बायकांनी मिळून ती काढली होती आणि त्यांच्यासोबत दोनेकशे जणी चालायला आल्या होत्या. घरातल्या पुरुषांना पिवळ्या टोप्या घालून वाटेतल्या मदतीच्या टेबलांवर उभं केलं होतं. आगाशीचं टेबल जितेंद्रकडे होतं. गोखिवऱ्याच्या कारखान्यात वीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, त्यामुळे सगळं जागच्या जागी होतं. काल कारखान्यात कुणीतरी विचारलं होतं, रविवारी काय विशेष? "सोसायटीचं काम आहे," असं तो म्हणाला होता. आजाराचं नाव त्याच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. ते एरवीही पडत नसे.

दीपेशला तो आजच पहिल्यांदा भेटत होता. खाडीकडच्या गावातला तिशीचा मुलगा. कामणच्या गोदामांचा माल वाहणारा त्याचा स्वतःचा टेम्पो होता. आज तो टेम्पो घेऊन मदतीला आला होता, कारण मंगळवारी त्याच्या बायकोचं याच आजाराचं ऑपरेशन होतं.

हे त्याने आल्या आल्याच सांगितलं होतं. जितेंद्र "हो का," म्हणाला होता आणि लिंबं कापायला बसला होता.

बायका आल्या. पेले उचलले गेले, रिकामे झाले, पुन्हा भरले गेले. बऱ्याच जणी जितेंद्रला ओळखत होत्या.

"हे वसुंधराताईंचे मिस्टर," एकीने दुसरीला सांगितलं. "प्रत्येक केमोला बरोबर असायचे हं. एकदाही चुकवलं नाही."

"नशीब लागतं बाई."

जितेंद्रने खाली वाकून टेबलाखालचा खोका उघडला. त्यात पेले होते, पण आत्ता त्यांची गरज नव्हती.

वसुंधरा घोळक्याच्या मागच्या बाजूला होती. सावकाश, न थांबता चालत होती. उजव्या हाताला मनगटापासून खांद्यापर्यंत तिने अंगाच्या रंगाची ती घट्ट बाही घातली होती. काखेतल्या गाठी काढल्यापासून हात सुजायचा, म्हणून ती दिवसभर घालावी लागे. तिच्यासोबत रिटाताई होत्या, त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. दोघींनी एकाच शाळेत पंधरा वर्षं शिकवलं होतं.

"जितूभाऊ, साखर मोजून घातली की काय?" रिटाताईंनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "आमच्या घरी पाहुण्याला असं सरबत दिलं तर तो परत येणार नाही."

वसुंधरा हसली. तिने पेला संपवला आणि रिकामा त्याच्या हातात दिला.

"अर्नाळ्याला मला चार शब्द बोलायला सांगितलेत."

"काय बोलणार?"

"बघू. अजून ठरवलं नाही."

ती निघाली. रस्त्याच्या कडेने, केळीच्या वाडीच्या सावलीतून त्या दोघी जाताना तो बघत राहिला. मग त्याने टेबल आवरायला घेतलं.

टेम्पोत सामान चढवून ते अर्नाळ्याकडे निघाले. दीपेश गाडी हळू चालवत होता.

"काका, एक विचारू? घरची बोलतात, दिपिकाला महिनाभर तिच्या आईकडं पाठव. बायकांचं बायका बघतील. ती काय बोलत नाय. पन मला वाटतं, तिला इथंच राहायचं हाय. माझ्याजवल." त्याने गियर बदलला. "मी राहा बोललो तिला. आता झोप लागत नाय. मला जमंल काय?"

"जमतं," जितेंद्र म्हणाला. "सगळं जमतं."

शब्द इतक्या सहज आले की त्याचे कान गरम झाले. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

तीन वर्षांपूर्वी, ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी वसुंधरा घरी आली, तेव्हा तिच्या काखेखालून एक बारीक नळी निघत होती आणि नळीच्या टोकाला प्लास्टिकचा फुगा होता. त्यात साचणारं पाणी सकाळ-संध्याकाळ मोजून काढायचं, आजूबाजूची त्वचा पुसून घ्यायची, पट्टी बदलायची. हॉस्पिटलमध्ये नर्सने दोघांना समोर बसवून सगळं शिकवलं होतं. तो मान हलवत होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

पहिल्या सकाळी वसुंधरा पलंगाच्या कडेला बसली. तिने डाव्या हाताने गाऊनची बटणं काढली.

"बघा हो, नळी कुठे वळलीय का? मला दिसत नाही."

त्याने बघितलं. एकदाच. हातातला ट्रे त्याने गादीवर असा ठेवला की कात्री खाली पडली. ती उचलायलाही तो थांबला नाही.

"रिटाताईंना बोलावतो," तो म्हणाला आणि अनवाणीच समोरच्या दाराची बेल वाजवायला गेला.

रिटाताई पिठाचे हात पुसत आल्या, आत गेल्या, दार लावून घेतलं. तो दाराबाहेर उभा राहिला. आतून पाण्याचा आवाज आला, मग रिटाताई काहीतरी बोलल्या आणि वसुंधरा रडली की हसली, ते त्याला कळलं नाही. त्यानंतर सोळा दिवस, सकाळ-संध्याकाळ, रिटाताईच आल्या. त्यांना कुणी 'या' म्हटलं नाही आणि त्यांनी कधी विचारलंही नाही.

बाकी सगळं त्याने केलं. औषधं आणली, रिपोर्ट फायलीत लावले, प्रत्येक केमोला रजा घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. हे खोटं नव्हतं. लोक जे बघायचे तेच बोलायचे. हाताला धक्का लागू नये म्हणून तो हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागला. हात बरा झाला, तरी त्याची उशी हॉलमध्येच राहिली. त्याबद्दल ना ती कधी बोलली, ना तो.

अर्नाळ्याला सुरूच्या झाडांखाली छोटा मांडव घातला होता. समुद्रावरून वारा सुटला होता आणि माइकमध्ये त्याची घरघर ऐकू येत होती. बायका सतरंजीवर बसल्या, पाय चोळत, एकमेकींच्या बाटल्यांतून पाणी पीत. पुरुष मागे, लावलेल्या मोटरसायकलींना टेकून उभे होते. काहींनी टोप्या काढून खिशात कोंबल्या होत्या. जितेंद्र त्यांच्यातच जाऊन उभा राहिला. दीपेश त्याच्या बाजूला होता.

वसुंधराने माइक डाव्या हातात घेतला. आधी शाळेतल्यासारखी सगळ्यांवर नजर फिरवली.

"गाठ लागली तेव्हा मी दोन महिने कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "लाज वाटली. मुलींना शरीरशास्त्र शिकवणारी बाई मी, आणि मला लाज वाटली. ते दोन महिने मला महागात पडले. तुम्ही तसं करू नका." तिने माइक जरा जवळ घेतला. "ऑपरेशननंतर घरी आले. मला आरशात बघवत नव्हतं. तेव्हा माझ्या मिस्टरांनी ते बघितलं. रोज. सकाळ-संध्याकाळ माझी पट्टी त्यांनी बदलली. नळीतलं पाणी काढलं, मला पुसून घेतलं. तोंड न फिरवता. त्यांच्याकडे बघून मग मीही बघायला शिकले."

माना मागे वळल्या. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. बाजूच्या एका अनोळखी माणसाने जितेंद्रच्या पाठीवर थाप मारली. दीपेश त्याच्याकडे बघत होता, तोंड किंचित उघडं ठेवून, लहान मुलासारखा.

जितेंद्रने पुढे बघितलं. दुसऱ्या रांगेत रिटाताई बसल्या होत्या. त्या मागे वळल्या नव्हत्या. त्या टाळ्या वाजवत होत्या.

त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिने त्याच्यावर आरोप केला असता, चारचौघांत नाव घेऊन सांगितलं असतं की हा माणूस पळाला, तर तो खाली मान घालून उभा राहू शकला असता. पण टाळ्यांपुढे कसं उभं राहायचं ते त्याला माहीत नव्हतं. तो मोटरसायकलींमधून वाट काढत टेम्पोपाशी गेला आणि रिकामे जार एकात एक बसवायचा प्रयत्न करत राहिला. ते तसे बसणारे नव्हते.

थोड्या वेळाने वसुंधरा आली.

"पोहे वाटतायत. चला."

"का बोललीस तसं?"

ती टेम्पोच्या मागच्या, खाली सोडलेल्या फाळक्याला टेकली. दुखऱ्या हाताची बोटं तिने दोन-तीनदा उघडझाप केली.

"ते सगळे मागे उभे होते ना, गाडीला टेकून," ती म्हणाली. "त्यातल्या चौघांच्या बायकांची ऑपरेशनं व्हायचीयत. खरं सांगितलं असतं, तर त्यांना पळायला वाट मिळाली असती."

"म्हणून माझं नाव?"

"मग कुणाचं घेऊ? माझा नवरा तुम्हीच आहात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याने एक जार उचलला आणि परत होता तिथेच ठेवला.

"रिटाताई काय म्हणाल्या?"

"त्यांना मी आगाशीहून येतानाच विचारलं होतं. म्हटलं, तुमचं श्रेय काढून घेतेय. त्या म्हणाल्या, घे. मला काय करायचंय त्याचं."

एवढ्यात दीपेश आला. त्याच्या हातात पोह्यांच्या दोन बशा होत्या आणि त्या त्याने फाळक्यावर ठेवल्या. वसुंधराला बघून तो जरा संकोचला, मग जितेंद्रकडे वळला.

"काका, तुम्ही मघाशी काय बोललाच नाय. एवढं सगलं केलंत, नि मला नुसतं 'जमतं' बोललात." त्याने फोन काढला. "मला नीट सांगाल? पयल्यापासून. मी लिहून घेतो. ती नली कशी धरायची, पानी कसं काढायचं. हॉस्पिटलवाले सांगतील, पन तुम्ही केलंय."

तो वाट बघत राहिला. वसुंधराने एक बशी उचलली आणि चमच्याने पोहे चाळवत राहिली.

"मी नाही केलं," जितेंद्र म्हणाला.

दीपेशला कळलं नाही.

"हिने ते तुम्हा मुलांसाठी सांगितलं. मी एक दिवस बघितलं आणि बाहेर पळालो. सगळं आमच्या शेजारणीने केलं. सोळा दिवस. मी दाराबाहेर उभा राहिलो." त्याने दीपेशकडे बघितलं. "त्याला तीन वर्षं झाली. अजून मी बाहेरच आहे. तू तसं करू नकोस. तू आत जा."

वारा सुरूच्या झाडांतून जात होता. मांडवात कुणीतरी हरवलेल्या चपलेची सूचना देत होतं.

दीपेशने फोनकडे बघितलं, मग वसुंधराकडे.

"मग कोनाला विचारू?"

"हिला विचार," जितेंद्र म्हणाला. "हिलाच माहितीय. मीपण ऐकतो."

वसुंधराने बशी खाली ठेवली. तिने क्षणभर नवऱ्याकडे बघितलं, वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या मुलाने हात वर केल्यावर बघावं तसं. मग ती सांगायला लागली.

हात आधी साबणाने धुवायचे. नळी ओढायची नाही, एका हाताने त्वचेपाशी धरायची आणि दुसऱ्या हाताने वरून खाली दाबत आणायची. फुगा रिकामा केल्यावर चेपून मगच बूच लावायचं. पाण्याचा रंग रोज बघायचा; आधी लाल असतो, मग फिका होत जातो. वास आला किंवा ताप आला तर थांबायचं नाही, डॉक्टरांना फोन. डॉक्टरांनी सांगितल्यावर हाताचा व्यायाम. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची आणि जिथवर पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची.

जितेंद्रला स्वयंपाकघराच्या दारामागच्या त्या बारीक रेघा आठवल्या. एकावर एक, खांद्यापासून डोक्याच्या वरपर्यंत. दिवाळीला घर रंगवताना 'ही घाण कुणी केली' असं तो रंगाऱ्यासमोर म्हणाला होता. वसुंधरा तेव्हा डबे पुसत होती. ती पुसतच राहिली होती.

दीपेश एका बोटाने टाइप करत होता. मग त्याने मान वर केली.

"नि ताई, पयल्यांदा बघताना? मला भीती वाटंल ना. तेव्हा काय करायचं?"

"भीती वाटू दे," वसुंधरा म्हणाली. "फक्त एवढं लक्षात ठेव, तू जखमेकडे बघत असशील, पण ती जखमेकडे बघत नसेल. ती तुझ्या चेहऱ्याकडे बघत असेल."

दीपेशने ते लिहिलं नाही. त्याने नुसती मान हलवली, फोन खिशात ठेवला आणि 'दिपिकाला फोन करून येतो' असं म्हणून किनाऱ्याकडे चालत गेला.

दोघं फाळक्यापाशी राहिले. पोहे गार झाले होते. जितेंद्रने डोक्यावरची पिवळी टोपी काढली, हातात धरली, तिची कड बोटांनी दुमडत राहिला.

"अजून दुखतं?" त्याने विचारलं.

तिने बाहीची कड सारखी केली.

"थंडीत दुखतं. काखेपासून खाली. आणि काही जागी काहीच कळत नाही, हात लावला तरी."

"खाली म्हणजे कुठपर्यंत?"

वसुंधराने इकडेतिकडे बघितलं. मग कुर्त्यावरून एक बोट सावकाश फिरवून ती दाखवायला लागली. वाऱ्याने गुलाबी ओढणी सारखी मधे येत होती. त्याने पुढे होऊन तिचं टोक धरून ठेवलं.