दोन दामाजी

"सुई खाली ठेव आधी!" मनुबाई ओरडली आणि नौपाड्यातला तो दवाखाना चिडीचूप झाला. मासळीबाजारात कमावलेला आवाज तो. रस्त्यावरही ऐकू गेला असेल.

मांडीवर पाच वर्षांचा नातू तापाने फणफणत होता. रमा नर्स म्हणाली, "आजी, याला पेनिसिलिन चालतं. कॉम्प्युटरमध्ये तसंच आलंय."

"कॉम्प्युटरनं जन्माला घातलाय का याला? गेल्या शिमग्याला हीच सुई दिलेली, पोर निळं पडलेलं! कार्डावर लाल शाईनं लिवलंय."

कॉम्प्युटर चालवणारी तिचीच सून, मालू. 'आमची सून मशीनवर बसते' हे मनुबाईने गिऱ्हाइकांना सांगून सांगून शिळं केलं होतं. मालू आतून धावत आली, पडद्यावर वाकली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आई... वय बहात्तर दाखवतंय. हे आपल्या बाबांचं आहे."

मनुबाईचा नवरा दामाजी धाकू. तो गेल्यावर जन्मलेल्या नातवाला त्याचंच नाव ठेवलेलं, आणि नातवाच्या बापाचं नाव त्याच्या आज्यावरून धाकू, म्हणजे तोही दामाजी धाकू. काल जुन्या मशीनमधली माहिती नव्यात भरताना मालूला वाटलं, एकच माणूस दोनदा टाइप झालाय. तिने मशीनला एकेका नावाचं एकच ठेवायला लावलं. मेलेला आजा राहिला, जितंजागतं पोर पुसलं गेलं.

"तुझंच ना गं हे पोर?" मनुबाई म्हणाली.

मालूने बाकांकडे पाहिलं. अर्धा कोळीवाडा तिथे बसला होता, आणि घरोघर पहिल्या नातवाला आज्याचं नाव.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर बाहेर आले, तशी ती म्हणाली, "डॉक्टर, आज या मशीनवरून कुणालाच औषध देऊ नका."

"बोभाटा नको," डॉक्टर हळूच म्हणाले. " उद्या ट्रस्टी येतायत मशीन बघायला. गुपचूप दुरुस्त कर, नाहीतर नोकरी जाईल."

"जाऊ दे." मालू म्हणाली. "जुनी माहिती फ्लॉपीवर आहे. सगळं आधी बाजूला उतरवते, नावावर नाही, कार्डाच्या नंबरावर. एकेक कार्डाशी जुळलं की मगच आत." मग बाकांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "मशीन चुकलंय. मी चुकवलंय. सुई घ्यायच्या आधी कार्ड मागा."

रमा दुसरं औषध आणायला गेली. मालू कार्डांच्या गठ्ठ्यात पोराचं कार्ड शोधू लागली. मनुबाईने तिचं मनगट धरलं.

"ह्याचं मागाहून बघ. ह्याला ओरडायला आजी आहे. ज्यांच्यापाशी कोण नाय, त्यांची कार्डं आधी काढ."

आणि नातवाचे तापलेले तळपाय मुठीत घट्ट धरून ती बाकावर बसली.