मानेखालची पाचर

गिटारची मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली असते. ती केसभर जरी पुढे झुकली, तरी तारा इतक्या उंच होतात की वाजवणाऱ्याच्या बोटांना फोड येतात. मग मान काढायची, खाचेत धडाकडच्या टोकाला कागदाएवढी पातळ लाकडी पाचर ठेवायची आणि स्क्रू परत आवळायचे. मान मागे कलते, तारा खाली येतात. हे काम मास्तर डोळे मिटून करी. मास्तर हे लोकांनी चेष्टेनं ठेवलेलं नाव. गड्याला स्वतःला एक गाणं धड वाजवता येत नव्हतं. वाजवून बघायची त्याची बायको. तिनं "जाऊ दे" म्हटल्याशिवाय एकही गिटार दुकानाबाहेर पडत नसे.

एकदा ती म्हणाली, "माझ्या गिटारच्या तारा वर आल्यात रे. दाबवत नाहीत."

"नाचता येईना अंगण वाकडं!" तो हसला. तरी त्यानं मोजून पाहिलं. तारा जिथल्या तिथं होत्या. तरीही त्यानं पाचर घातली.

तिच्या दुखण्याचं नाव डॉक्टरांनी पुढे सांगितलं. आधी बोटांतली ताकद जाणार, मग हातांतली, आणि गेलेली परत येणार नाही. मास्तरनं ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन दुसरी पाचर तासायला घेतली. त्याला दुसरं येत काय होतं? त्यानं बारीक तारा चढवल्या, तारा ज्यावर टेकतात तो धडावरचा ब्रिज उतरवला, मान आणखी कलवली. अंगणच वाकडं आहे, आपण ते सरळ करू, अशी तो मनाची समजूत घालत राहिला. वेडाच! पण त्याच्या जागी शहाणं कोण राहिलं असतं?

शेवटी तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, फ्रेटवर टेकल्या.

"अजून थोडं खाली घे ना," ती म्हणाली.

खाली जागाच उरली नव्हती. त्यानं गिटार बाकावर नेली, तारा सैल केल्या, चारही स्क्रू काढले आणि होते तसे परत आवळले. मग गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिनं बोट टेकवलं. तार नुसती खरखरली.

"आता बरं वाटतंय?"

"तू काहीच केलं नाहीस. पाचर घासायच्या पॉलिशपेपरचा आवाज आला नाही. बोटं गेलीत माझी, कान नाही."

आजवर एकाही गिऱ्हाइकाला फसवलं नव्हतं त्यानं, आणि फसवलं ते हिला. दुकानाचं दार सताड उघडं होतं, तरी तो लहान मुलासारखा रडला.

तिनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "काढ त्या पाचरी. सगळ्या. जीव गुदमरलाय तिचा."

"मग तुला दाबताच येणार नाही."

"आता तरी कुठं येतंय, राजा?"

त्यानं पाचरी काढल्या, ब्रिज वर घेतला, तिच्या आवडीच्या जाड तारा चढवल्या. इतकं नेटकं काम त्याच्या हातून क्वचितच झालं असेल. सवयीनं त्यानं गिटार तिच्यापुढे धरली, आणि त्याचे हात तसेच राहिले.

"तूच वाजव."

त्यानं अंगठा फिरवला. मोकळ्या तारा स्वच्छ, खणखणीत वाजल्या. आवाज विरेपर्यंत ती ऐकत राहिली.

"दोष हिच्यात नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "पण तू इतक्या आशेनं तासायला बसायचास."