'दाखवायचं' आणि 'खरं'

शी! अजून तो वास नाकातून जात नाय. आमच्या ऑफिसातल्या सोमनाथची चुलती, साळूबाई, परवा चितेगावहून थेट बजाजनगरला, ऑफिसात आली. पाण्याची बाटली घेऊन. बूच काढून माझ्या नाकाशीच धरली तिनं. तिच्याच विहिरीचं पाणी.

"आमच्या शेजारच्या कारखान्याच्या गेटवरचा बोर्ड म्हणतो, चांगलं पाणी सोडतो. मग ह्ये काय गं पोरी? माझी नातवंडं हेच पितेत."

आकडे दाखवणाऱ्या त्या बोर्डाचं सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं. मला वाटलं, बिघडलं असंल काहीतरी. सर म्हणाले, जुना कोड हरवला, नुसती जार फाईल, म्हणजे चालणारा तयार प्रोग्राम, उरलीय. हरवू दे म्हटलं, जावा भाषेत रिफ्लेक्शन हाय की. चालू प्रोग्रामलाच विचारायचं, बाबा रे, तुझ्या पोटात काय काय हाय? प्रोग्राम आकडे ठेवतो ते कप्पे म्हणजे फील्ड; त्यातली स्टॅटिक फील्ड तर क्लासचीच असतात, वाचायला ऑब्जेक्टसुद्धा लागत नाय. प्रोग्राम कारखान्याच्या पाण्यातली घाण मोजणाऱ्या सेन्सरला जोडून चालू केला. फील्ड प्रायव्हेट, म्हणजे कुलूपबंद निघाली, म्हणून आधी सेट-ॲक्सेसिबल करून कुलूप काढलं, मग ऑब्जेक्टच्या जागी 'नल', म्हणजे काहीच नाय, असं देऊन किमती छापल्या.

घाणीचा आकडा अडीचशेच्या आत पाहिजे. इथं दोन फील्ड. 'दाखवायचं', अठ्ठेचाळीस. 'खरं', एकोणीसशेच्या वर.

पुन्हा चालवलं. 'खरं' सेन्सरबरोबर वरखाली होत होतं. 'दाखवायचं' मात्र ढिम्म.

बिघाड कसला डोंबलाचा! कुणीतरी आरामात बसून, चहा पीत हे लिहिलं होतं. आणि व्हेरिएबलला मराठी नावं द्यायची खोड आख्ख्या ऑफिसात एकट्या सोमनाथची.

तो डबा खात होता. मी लॅपटॉप त्याच्या डब्याशेजारी आदळला.

त्यानं स्क्रीन बघितली. "प्रायव्हेट होतं ना ते? तू वाचलंस कसं?"

"लाज वाटते का रे जराशी? तुझं घर तिथंच हाय! तुझी आई तेच पाणी पिती."

"आई नाय पीत. घरी फिल्टर बसवलाय मी."

"आणि चुलती?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात टाकला. माझ्याच्यानं बघवंना.

"काल तिला गेटवर नेऊन आकडा वाचून दाखवला," तो खाता खाता म्हणाला. "पटलं तिला. माझ्यावर लई भरवसा हाय तिचा."

थू! लॅपटॉप तसाच काखेत मारला आणि चितेगावला साळूबाईकडं जायला स्कूटी काढली.