गोदाच्या वहीतला खोत

चौऱ्याऐंशी साली रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बायकांना एका साप्ताहिकातल्या क्रमशः कादंबरीने वेड लावलं होतं. तिच्यात एक करारी खोत होता आणि त्याच्या घरी वेठीला राबणारी चिमी. शेवटच्या हप्त्यात लेखकाने चिमीला विहिरीत बुडवून गोष्ट संपवली. त्यावर गोदा शिंदे इतकी चिडली, की दोनशे पानी वही आणून तिने चिमीला जिवंत बाहेर काढलं आणि पुढची गोष्ट स्वतःच लिहिली. गोदाचा खोत चिमीला माडीवर कोंडून ठेवतो, आणि कोंडता कोंडता तिला जीव लावतो, तीही त्याच्यावर भाळते. जेवणाच्या सुट्टीत ती वही हातोहात फिरली.

मालन कांबळेची पाळी सगळ्यात शेवटी आली. रविवारी दुपारी पायरीवर बसून तिने एका बैठकीत वही संपवली. खोत जिना चढतो तिथे तिच्या छातीत चांगलंच धडधडलं, आणि त्याचाच तिला राग आला. तिची आजी खोताच्या अंगणात फुकट राबली होती. छपन्न सालानंतर घर बौद्ध झालं, तेव्हा कुठे ती वेठ सुटली. आणि त्याच आजीच्या नातीने खोतावर भाळावं? तिने वही खाटेवर भिरकावली.

आई, सुंदराबाई, कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती. "काय गो, वही चावली काय?"

मालनने गोष्ट सांगितली.

"वाच बघू."

मालन वाचू लागली. खोताने "चिमे" अशी हाक मारली तशी आई हसली. "ह्याला तिचं नाव ठाव हाय? माजी आयस वीस वर्सं राबली, तो नुसता 'ए' करायचा. मेली तवापण त्याला नाव ठाव नव्हतं."

"म्हणजे खोटंच ना हे?"

"खोटं तर हायच. म्हणून तर गोड लागतंय. पुढं वाच." थोड्या वेळाने आईने हात थांबवला. "माडीची किल्ली कुणाकडं हाय?"

"खोताकडे."

"मग ती जीव लावतेय का भितेय, ह्ये तिला तरी कसं कळायचं?"

दुसऱ्या दिवशी मालनने हे जसंच्या तसं गोदाच्या कानावर घातलं. गोदाचा चेहरा उतरला. "तुला आवडली नाही."

"आवडली गं. झोप उडाली माझी. आवडली म्हणूनच बोलतेय."

गोदाने डबा उघडून नुसताच चिवडला. मग म्हणाली, "आमचे मोठे काका ओटीवर आले की अजून माझा आवाज बसतो. असला माणूस कधी आपलं ऐकेल, याची दुसरी रीतच मला सुचली नाही. प्रेमात पाडला की तेवढा तरी नमतो."

हे मालनच्या ध्यानीमनी नव्हतं. तिचा राग कुठल्या कुठे गेला. "नमू दे की," ती म्हणाली. "पण दार उघडं असताना नमू दे."

"मग तूच लिही!"

मालनने तीन संध्याकाळी बसून आठ पानं लिहिली. तिची चिमी किल्ली काढून घेते आणि सरळ मालगुंडला आईकडे निघून जाते. दोन महिन्यांनी खोत स्वतः येऊन अंगणात उभा राहतो. चिमी विचारते, "माझ्या आईचं नाव काय?" त्याला ते माहीत नसतं. "विचारा तिलाच," चिमी म्हणते. आणि खोत मान खाली घालून विचारतो.

एक्स्चेंजमध्ये दोन तट पडले. काशी म्हणाली, "माडीवरचाच खोत बरा होता बाई, हा अगदीच गरीब झाला." गोदाने मालनची पानं वहीला टाचली आणि स्वतःचं एकही पान फाडलं नाही. ज्याला जे हवं ते वाचा, म्हणाली. मालननेही जिन्याचं पान पुन्हा एकदा वाचलं. धडधड तशीच झाली, पण या वेळी तिला लाज वाटली नाही.

पुढच्या रविवारी दोघी आरे-वारेला गेल्या. वाळूत बसून उकडलेल्या शेंगा खाताना गोदा म्हणाली, "आता चिमी खोताला आपल्या घरचं पाणी देईल का?"

"देईल. पण तो आधी मागेल."

"आणि तिने नाही म्हटलं तर?"

"तर जाईल तहानलेला!"

दोघी इतक्या हसल्या की शेजारी जाळं सुकवणारी बाई वळून बघायला लागली. मग गोदाने पिशवीतून नवी कोरी वही काढली आणि पेन मालनच्या हातात दिलं.